वाचकांचे प्रश्न : फोटोमास्कची काच कोणती, लेप कोणता?

फोटोमास्क म्हणजे काचेवरच्या अतिशय पातळ, अपारदर्शक लेपात कोरलेली नक्षी. तिच्यातून अतिनील प्रकाश सोडला की वेफरवरच्या (ज्या चकतीवर चिप घडवतात तिच्यावरच्या) रेझिस्टमध्ये, म्हणजे प्रकाशाला संवेदनशील लेपात, तीच नक्षी उतरते. या वेळचे बहुतेक प्रश्न कॉन्टॅक्ट अलाइनर वापरणाऱ्यांचे आहेत. या यंत्रात मास्क वेफरला टेकवून किंवा अगदी जवळ धरून एक्स्पोजर देतात. महाविद्यालयं आणि छोट्या प्रयोगशाळांमध्ये हेच यंत्र असतं, म्हणून उत्तरंही तिथल्या कामाला धरूनच दिली आहेत.

प्रश्न : चार इंची सिलिकॉन वेफरवर प्रेशर सेन्सर करतो आहोत. पाच मास्क लागतील. सर्वांत बारीक रेषा ४ मायक्रॉनची, प्रकाश ३६५ नॅनोमीटरचा. पुरवठादार म्हणतो क्वार्ट्झच घ्या, आणि त्याची किंमत सोडा-लाइमच्या कितीतरी पट आहे. गरज आहे का? की बोरोसिलिकेट काच चालेल? (पुणे)

तुमच्या कामाला नाही. पण सोडा-लाइम घ्यायची तर एक पथ्य पाळावं लागेल, ते पुढे सांगतो.

काच निवडताना आधी प्रकाशाची तरंगलांबी बघायची. साध्या सोडा-लाइम काचेतून ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश ८५ ते ९० टक्के पार जातो. ३२० च्या खाली ती झपाट्याने आंधळी होते आणि ३०० च्या खाली जवळजवळ काहीच सोडत नाही. क्वार्ट्झ मात्र १९३ नॅनोमीटरपर्यंत स्वच्छ पारदर्शक असते. (बाजारात क्वार्ट्झ म्हणतात ती खरं तर कृत्रिमरीत्या तयार केलेली शुद्ध सिलिका काच असते.) तुमचा दिवा ३६५ चा, रेझिस्ट त्याच प्रकाशाचा. म्हणजे या मुद्द्यावर क्वार्ट्झसाठी पैसे मोजण्याचं कारण उरत नाही.

दुसरा मुद्दा उष्णतेने होणाऱ्या प्रसरणाचा. खरा घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर. सोडा-लाइम एका अंशाला दर दहा लाखांत साधारण ९ भाग वाढते, क्वार्ट्झ अर्धा भाग, सिलिकॉन २.६ भाग. चार इंची वेफरवर केंद्रापासून कडेपर्यंत वापरात येणारं अंतर ४५ मिलिमीटर धरू. मास्क एक अंशाने तापला तर कडेची खूण सोडा-लाइमवर ०.४ मायक्रॉन सरकते, क्वार्ट्झवर ०.०२ मायक्रॉन. हाताने जुळवायच्या अलाइनरवर एक मायक्रॉनची चूक नेहमीची असते. थरांमध्ये तुम्ही २ मायक्रॉनची सूट ठेवली असेल आणि खोलीचं तापमान एका अंशात राहत असेल, तर ०.४ मायक्रॉन सहज पचतात.

आता पथ्य. पाचही मास्क एकाच जातीच्या काचेवर करून घ्या. समजा मास्क २० अंशांवर लिहिले आणि तुमची खोली २३ अंशांवर आहे. पाचही सोडा-लाइम असतील तर पाचही सारखेच, दर दहा लाखांत २७ भाग फुगतील. वेफरवरची सगळी नक्षी तेवढ्याच प्रमाणात मोठी होईल आणि थरावर थर बिनचूक बसेल. मग तिसरा मास्क फुटतो, घाईत तो क्वार्ट्झवर करून घेतला जातो, ‘चांगल्यातला’ म्हणून. तो मास्क १.५ भागच फुगतो. फरक २५.५ भागांचा, म्हणजे कडेला १.१५ मायक्रॉन. मधोमध खुणा तंतोतंत जुळलेल्या दिसतात आणि कडेच्या चिप मात्र चारी बाजूंनी बाहेर किंवा आत सरकलेल्या. अशी त्रिज्येनुसार वाढत जाणारी चूक दिसली की अलाइनरचे स्क्रू पिळत बसू नका. आधी त्या संचातली प्रत्येक काच कोणती आहे ते तपासा.

मास्क अलाइनरवर चढवण्याआधी त्याला खोलीच्या तापमानाला येऊ द्या. २.३ मिलिमीटर जाडीची प्लेट दोन्ही बाजूंनी मोकळ्या हवेत असेल तर अर्ध्या तासात येते. बंद डब्यात असेल तर दोन तास धरा.

क्वार्ट्झ कधी घ्यावी? ३०० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश वापरत असाल तर तिला पर्यायच नाही. थरावर थर अर्ध्या मायक्रॉनपेक्षा कमी चुकीत बसवायचा असेल, सहा इंची किंवा मोठा वेफर असेल, किंवा मास्क वर्षानुवर्षं गरम आम्लात धुवायचा असेल, तरी क्वार्ट्झच. तुमचं काम काचेच्या वेफरवर असेल तर उलटा विचार करा. सोडा-लाइमच्या वेफरवर सोडा-लाइमचाच मास्क बरा, कारण दोघंही एकाच गतीने फुगतात.

बोरोसिलिकेटबद्दलही तुम्ही विचारलं आहे. तिचं प्रसरण ३.३ च्या आसपास, सिलिकॉनच्या बरंच जवळ, म्हणून ती मधला रस्ता वाटते. पण लेप आणि रेझिस्ट चढवलेल्या तयार प्लेट तिच्यात सोडा-लाइमइतक्या सहज मिळत नाहीत. संच मध्येच अडायला नको असेल तर तिच्या वाटेला न गेलेलं बरं.

प्रश्न : क्रोमच्या प्लेटवर ‘लो रिफ्लेक्टिव्ह’ आणि ‘ब्राइट’ असे दोन प्रकार दिसतात. फरक काय? आणि कोणती बाजू खाली ठेवायची ते ओळखायचं कसं? (मुंबई)

ब्राइट क्रोम म्हणजे नुसता क्रोमियमचा थर. तो पडलेल्या प्रकाशातला निम्म्याहून अधिक परत फेकतो. लो रिफ्लेक्टिव्ह प्रकारात क्रोमवर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर असतो. दोन्ही थर मिळून जाडी साधारण १०० नॅनोमीटर. वरच्या थरामुळे परावर्तन ४३६ नॅनोमीटरला दहा-बारा टक्क्यांवर येतं.

हे महत्त्वाचं का, ते प्रकाशाच्या वाटेने जाऊन बघा. मास्कच्या उघड्या भागातून आलेला प्रकाश रेझिस्ट ओलांडून वेफरवर आपटतो. खाली ॲल्युमिनियमचा थर असेल तर त्यातला बराचसा वर उसळतो, मास्कच्या खालच्या अंगाला लागतो आणि चकचकीत क्रोमवरून पुन्हा रेझिस्टमध्ये येतो, तोही जिथे अंधार हवा तिथे. रेषांच्या कडा पसरतात, जवळजवळच्या रेषांमधली फट बुजते. वेफरवर धातूचा थर असेल तर लो रिफ्लेक्टिव्हच मागवा. ब्राइट क्रोम परावर्तित प्रकाशात वाचायच्या काचेच्या पट्ट्यांसाठी ठीक.

लेपाची बाजू नेहमी वेफरकडे. उलट ठेवली तर नक्षी आरशातल्यासारखी उलटी उमटते हा एक तोटा झाला. दुसरा त्याहून मोठा. मास्क आणि वेफर यांच्यामध्ये २.३ मिलिमीटर काच येते. कॉन्टॅक्ट आणि प्रॉक्सिमिटी (टेकवून आणि जवळ धरून केलेल्या) एक्स्पोजरमध्ये उमटू शकणारी बारीकात बारीक रेषा ढोबळमानाने तरंगलांबी गुणिले अंतर यांच्या वर्गमुळाच्या दीडपट असते. ०.३६५ गुणिले २३०० यांचं वर्गमूळ २९, त्याची दीडपट ४३ मायक्रॉन. ४ किंवा १० मायक्रॉनच्या रेषा सरळ पुसल्या जातात. याच हिशेबात अंतर १० मायक्रॉन धरलं तर सुमारे ३ मायक्रॉनची रेषा मिळते. वेफरच्या कडेला जमलेला रेझिस्टचा काठ काढून टाकण्याचा आग्रह धरतात तो यासाठीच. तो काठ मास्कला उचलून धरतो.

बाजू ओळखण्यासाठी प्लेट तिरपी धरून दोन्ही अंगं बघा. लो रिफ्लेक्टिव्ह प्लेटची लेपाची बाजू काळपट-तपकिरी दिसते, काचेच्या बाजूने तीच आरशासारखी चमकते. शंका राहिली तर प्लास्टिकच्या मऊ चिमट्याचं टोक नक्षी नसलेल्या कोपऱ्यात पृष्ठभागाच्या अगदी जवळ न्या, टेकवू नका. लेपाच्या बाजूला टोक आणि त्याचं प्रतिबिंब एकमेकांना भिडतात. काचेच्या बाजूला त्यांच्यात काचेच्या जाडीमुळे ठळक फट राहते.

मागवताना लेपाची प्रकाशीय घनता ३ किंवा जास्त आहे ना ते विचारा. ३ म्हणजे हजारातला एक भाग प्रकाश झिरपतो. पिनहोलची (लेपातल्या सूक्ष्म छिद्रांची) मर्यादाही लेखी घ्या.

प्रश्न : कॉन्टॅक्ट होलचा (थरांमधल्या जोडणीच्या भोकांचा) मास्क जवळजवळ पूर्ण काळा आहे. खालच्या थराच्या खुणा दिसतच नाहीत. आयर्न ऑक्साइडचा मास्क घ्यावा का? (पवई, मुंबई)

आधी स्वस्त उपाय करून बघा. नक्षीतच खुणांभोवती २०० ते ३०० मायक्रॉनच्या मोकळ्या खिडक्या ठेवा, शक्यतो वेफरच्या डाव्या-उजव्या टोकांना एकेक. या खिडक्या रेझिस्टमध्येही उघडतील आणि पुढच्या एचिंगमध्ये (उघडा थर खाऊन काढताना) खालची खूण खाल्ली जाईल, हे लक्षात ठेवून प्रत्येक थरासाठी खुणांची वेगळी जोडी ठेवा. बहुतेकांचा प्रश्न एवढ्यावर मिटतो.

खिडक्या चालणार नसतील तर आयर्न ऑक्साइड. हा लेप डोळ्यांना पिवळट-तांबूस आणि पारदर्शक, पण ३६५ नॅनोमीटरला अपारदर्शक. मास्कमधून खालचा वेफर सरळ दिसतो, जुळवणं सोपं जातं. दोन गोष्टी सांभाळा. तुमचा रेझिस्ट ४३६ नॅनोमीटरलाही उघडत असेल आणि दिव्यात तो प्रकाश असेल, तर तिथे हा लेप तितका घट्ट अडवत नाही. ३६५ चा फिल्टर लावूनच काम करा. आणि हायड्रोक्लोरिक आम्लात हा लेप विरघळतो, याचं एचिंगच त्यात करतात. क्रोमचा मास्क ज्या आम्लात बुडवून धुता त्यात हा घालू नका. ॲसिटोन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग शुद्ध पाणी, एवढंच.

प्रश्न : मायक्रोफ्लुइडिक चिपसाठी (द्रव वाहणाऱ्या बारीक चॅनलच्या चिपसाठी) छापील फिल्मचा मास्क वापरतो. उन्हाळ्यात छान जमतं, पावसाळ्यात दुसरा थर पहिल्यावर बसत नाही. फिल्म खराब येते का? (नाशिक)

फिल्म खराब नाही. ती दमट हवेत फुगते. पॉलिएस्टरची फिल्म सापेक्ष आर्द्रतेच्या दर टक्क्याला दहा लाखांत साधारण १० भाग वाढते आणि तापमानाच्या दर अंशाला १८ भाग. आर्द्रता २० टक्क्यांनी बदलली तर १०० मिलिमीटर लांबीत २० मायक्रॉनचा फरक. पहिला थर कोरड्या दिवशी आणि दुसरा पावसात केला तर तो बसणार कसा? पावसाळ्यात फिल्मवर करायचंच असेल तर दोन्ही फिल्म एकाच दिवशी छापून घ्या, अलाइनरच्या खोलीत एकत्र रात्रभर उघड्या ठेवा आणि दोन्ही थरांची एक्स्पोजरं एकाच खोलीत, तीच आर्द्रता राखून करा. आर्द्रतामापक तिथेच लावा आणि प्रत्येक एक्स्पोजरला आकडा वहीत लिहा.

एकाच थराची चिप असेल, चॅनल ३० मायक्रॉन किंवा रुंद असतील, तर फिल्म उत्तम. बाकीचं गणित ठिपक्यांचं. २५,४०० डीपीआयला (एका इंचात इतके ठिपके) एक ठिपका १ मायक्रॉनचा, ५,०८० ला ५ मायक्रॉनचा. रेषेच्या रुंदीत किमान पाच ठिपके बसले नाहीत तर कडा करवतीच्या दात्यांसारखी येते आणि ते दाते चॅनलच्या भिंतीवर जसेच्या तसे उतरतात. फिल्मची इमल्शनची बाजू रेझिस्टकडे करा, वरून स्वच्छ काच ठेवून ती सपाट दाबा.

तुम्ही एसयू-८ वापरता, म्हणून एक जोड. ३५० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश या रेझिस्टच्या वरच्या पापुद्र्यातच शोषला जातो. माथा जास्त शिजतो आणि भिंतीचा छेद इंग्रजी टी अक्षरासारखा होतो. फिल्म आणि वरची सोडा-लाइम काच यातला काही प्रकाश अडवतात, सगळा नाही. जाड थराला ३६० च्या खालचं सगळं कापणारा फिल्टर लावा. क्वार्ट्झचा मास्क आणल्यावर ‘आधी सरळ येणाऱ्या भिंती बिघडल्या’ असं कुणी म्हणालं तर कारण बहुधा हेच. जुनी काच गुपचूप थोडी गाळणी करत होती.

फिल्म आणि क्रोम यांच्यामध्ये काचेवरच्या इमल्शनची प्लेट आहे. चांदीच्या संयुगांचा जिलेटिनचा थर, काही मायक्रॉन जाड. काचेमुळे मापं स्थिर राहतात, ५ मायक्रॉनच्या आसपासच्या रेषा जमतात. पण थर मऊ. वेफरवरचा एखादा कण रुतला की तिथे कायमचा खळगा पडतो, आणि पाणी लागलं की जिलेटिन फुगतं. दहा-वीस एक्स्पोजरांपुरतं काम असेल तर घ्या. रोजच्या वापराला क्रोमच.

प्रश्न : रेझिस्ट लावलेली क्रोम प्लेट आणून लेझर रायटरवर मास्क आम्हीच करतो. रेषा ठरवल्यापेक्षा अर्धा मायक्रॉन बारीक येतात, शिवाय ठिकठिकाणी बारीक भोकं. चूक कुठे शोधावी? (बंगळूर)

दोन्ही तक्रारींची मुळं वेगवेगळी असू शकतात, म्हणून एकेक घेऊ.

बारीक रेषांसाठी एक माप वाढवा. डेव्हलप केल्यावर (रेझिस्टचा उघडलेला भाग धुऊन काढल्यावर), एचिंगच्या आधी, रेझिस्टची रेषा मोजा. ती तिथेच बारीक असेल तर लेझरचा डोस जास्त आहे किंवा डेव्हलपिंग लांबलं आहे. क्रोमला दोष देऊ नका. रेझिस्टची रेषा बरोबर आणि क्रोमची बारीक, असं असेल तर एचिंग जास्त झालं. ओलं एचिंग जितकं खाली खातं तितकंच बाजूलाही खातं. १०० नॅनोमीटर क्रोमला प्रत्येक कडेला किमान १०० नॅनोमीटर जाणारच, म्हणजे रेषा ०.२ मायक्रॉन बारीक. ही वजावट आरेखनातच भरून काढा. त्याहून जास्त जात असेल तर वेळ कमी करा.

क्रोमचं नेहमीचं द्रावण सेरिक अमोनियम नायट्रेट आणि पर्क्लोरिक किंवा नायट्रिक आम्लाचं असतं. ताजं असेल तर खोलीच्या तापमानाला मिनिटभरात १०० नॅनोमीटर साफ होतं. घड्याळावर विसंबू नका. प्लेटखाली पांढरा कागद असेल असं भांडं मांडा. उघडे भाग आधी तपकिरी, मग राखाडी दिसतात आणि एका क्षणी द्रावणाचा नारिंगी रंग आरपार दिसतो. तिथून पुढे लागलेल्या वेळेच्या दहा ते वीस टक्के, बस्स. लगेच दोन वेगळ्या भांड्यांत शुद्ध पाणी. द्रावण जुनं झालं की वेळ वाढतो, कडा वेड्यावाकड्या होतात.

भोकं पडण्याचं कारण बहुधा रेझिस्टमध्ये असतं. या प्लेटवर कारखान्यातूनच अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास रेझिस्ट लावून येतो. तो काही महिनेच चांगला राहतो, पाकिटावरची तारीख बघा. थंड कपाटातून काढलेली प्लेट लगेच उघडली तर तिच्यावर दव धरतं आणि त्या थेंबांच्या जागी रेझिस्टची पकड सुटते. पाकीट न फोडता ते खोलीच्या तापमानाला येऊ द्या. एचिंगआधी भाजत असाल तर गरम सोडा-लाइम प्लेट थंड स्टीलच्या टेबलावर टेकवू नका, ती तडकते. क्वार्ट्झला हा धक्का सोसतो.

सेरिक अमोनियम नायट्रेट तीव्र ऑक्सिडायझर आहे. त्याचा टाकाऊ द्रव ॲसिटोनच्या किंवा अल्कोहोलच्या बाटलीत कधीही ओतू नका, आग लागू शकते. त्यात विरघळलेलं क्रोमियम असतं, म्हणून तो मोरीतही जाता कामा नये. झाकणाला बारीक छिद्र असलेल्या वेगळ्या बाटलीत साठवून घातक कचऱ्यात द्या.

प्रश्न : न वापरलेल्या सोडा-लाइम मास्कवर पांढरट धुरकट थर येतो. पुसला की जातो, महिन्याने पुन्हा. (रत्नागिरी)

काचेतलं सोडियम दमट हवेत पृष्ठभागावर येतं आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून कार्बोनेट होतं. कोकणातल्या हवेत हे लवकर होतं. शुद्ध पाण्याने धुऊन, नायट्रोजनने पूर्ण वाळवून, सिलिका जेलच्या ताज्या पुडीसह घट्ट डब्यात उभा ठेवा. कोरड्या कापडाने घासू नका. त्याने ओरखडे तर पडतातच, शिवाय स्थिर विद्युत साचते आणि क्रोमच्या दोन जवळच्या बेटांमध्ये ठिणगी उडून कडा वितळते. क्वार्ट्झवर हा धोका जास्त, कारण तिच्या पृष्ठभागावरून भार निसटत नाही. कोरड्या वातानुकूलित खोलीत आयोनायझर (साचलेला भार घालवणारं यंत्र) लावून मगच डबा उघडा.

प्रश्न : प्रगत चिपच्या मास्कवर आता क्रोम नसतं असं वाचलं. मग काय असतं? (पुणे)

१९३ नॅनोमीटरच्या स्कॅनरसाठी ६.३५ मिलिमीटर जाड क्वार्ट्झवर मोलिब्डेनम सिलिसाइडचा थर देतात. त्यातून सुमारे ६ टक्के प्रकाश मुद्दाम जाऊ देतात, पण लहरीची कला (फेज) १८० अंशांनी बदलून. कडेवर दोन लहरी एकमेकींना मारतात आणि कड धारदार होते. क्रोम तिथेही असतं, एचिंगच्या वेळचं झाकण आणि मास्कच्या कडेची चौकट म्हणून. १३.५ नॅनोमीटरला मात्र कुठलीच काच पारदर्शक नाही. तिथला मास्क आरसा असतो. टायटेनियम मिसळलेली, जवळजवळ न फुगणारी सिलिका काच, तिच्यावर मोलिब्डेनम आणि सिलिकॉनच्या ४० जोड्या, प्रत्येक जोडी ७ नॅनोमीटरच्या आसपास, वर रुथेनियमचं पातळ कवच आणि त्यावर टँटलमच्या संयुगातली नक्षी. पडलेल्या प्रकाशाचा साधारण तिसरा हिस्सा हा आरसा स्वतःच गिळतो आणि तापतो. न फुगणारी काच तिथे लागते ती त्यामुळेच.